हत्ती बघायला मथुरेला

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मथुरा-वृंदावन ठरवलं मावशीनं, आग्रा-जयपूर दादा-वहिनीनं आणि हत्ती माझ्या पुतण्यानं. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका टूरवाल्यानं दिलेल्या कागदावर जयपूरच्या आमेर किल्ल्याच्या नावापुढे 'हत्तीवरून सवारी' असं छापलं होतं. दहा वर्षांच्या पोराला आणखी काय लागतं! मी त्याला म्हटलं, हत्ती आपण नक्की बघू, पोटभर बघू, पण त्याच्या पाठीवर बसायचं नाही. "का पण आत्या?" हा प्रश्न मग प्रवासभर आमच्याबरोबर होता. केरळ, जयपूर, थायलंड अशा सहली ठरवणाऱ्या ओळखीच्या घरांमधूनही तो हल्ली सारखा कानावर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

हत्ती एवढा अवाढव्य, त्याला दोन माणसांचं काय ओझं, असं सगळ्यांनाच वाटतं. पण त्याच्या मणक्यांची टोकं वरच्या बाजूला उभी असतात आणि हौद्याचा भार नेमका त्यांच्यावर येतो. वर गादी, दोरखंड, माहूत, पर्यटक. हे रोज, वर्षानुवर्षं. त्यात डांबर आणि फरसबंदीवर चालून तळव्यांना भेगा पडतात, नखांच्या मुळाशी गळवं होतात, सांधे धरतात. माणसाच्या ताब्यातल्या हत्तींचे हाल बहुतेक वेळा पायांपासून सुरू होतात.

याच्याही आधीची गोष्ट पुतण्याला सांगताना मला शब्द जपून वापरावे लागले. गाय, घोडा, कुत्रा ही जनावरं पिढ्यान्‌पिढ्या निवडून माणसाळवलेली आहेत. हत्ती तसा नाही. प्रत्येक हत्ती नव्यानं वठणीवर आणावा लागतो. पिल्लू आईपासून तोडायचं, जखडून ठेवायचं, उपाशी ठेवायचं, मारायचं, त्याची इच्छा मोडेपर्यंत. थायलंडात या प्रकाराला 'फजान' म्हणतात. फोटोत शांत उभा दिसणारा हत्ती सहसा यातून गेलेला असतो. हे एकदा कळलं की सवारीचा कागद हातात धरवत नाही.

पंजाब मेलला आमच्या डब्यात कल्याणला चढलेलं जयसिंगपूरकडचं एक कुटुंब होतं. सकाळी चहाबरोबर आमचा नाशिकचा चिवडा निघाला, त्यांच्या चकल्या निघाल्या आणि मग महादेवीचा विषय निघाला. नांदणीच्या मठातली ही हत्तीण, तिकडे माधुरी म्हणूनही ओळखतात. न्यायालयाच्या आदेशानं जुलै 2025 मध्ये तिला जामनगरच्या वनतारा या प्राण्यांच्या केंद्रात हलवलं आणि त्यानंतर हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरला पायी चालत गेली. हे सांगताना त्या काकांचा गळा दाटून आला. त्या मायेवर शंका घेण्याचा मला काही अधिकार नाही. पण हत्तीण हा कळपात जगणारा जीव. आई, मावश्या, बहिणी यांच्यासोबत ती जन्म काढते. दिवसाचा बराचसा वेळ चालत असते, दीडेकशे किलो चारा खाते, चिखलात लोळते. एकटीला बांधून ठेवलं तर भोवती कितीही भक्त असले तरी दुसरी हत्तीण कुठून येणार? मी एवढंच बोलले. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ताई, ते खरं. पन तिकडं ती सुखात हाय कशावरनं?"

मला हा प्रश्न फार रास्त वाटला. हत्ती सांभाळणारं केंद्र संस्थेचं असो, सरकारी असो की बड्या उद्योगसमूहाचं, हाच प्रश्न विचारून आत पाऊल टाकावं. ज्योतिबाच्या देवळाचा 'सुंदर' नावाचा हत्ती 2014 मध्ये बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला, तेव्हाही तो विचारायला हवाच होता.

मथुरा-आग्रा हायवेवर फरहजवळ चुरमुरा नावाचं गाव आहे. वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था 2010 पासून इथे हत्तींचं केंद्र चालवते, आणि 2018 मध्ये जवळच देशातलं पहिलं हत्तींचं रुग्णालय सुरू झालं. एक्स-रे, सोनोग्राफी, उठता न येणाऱ्या हत्तीला उचलून धरणारी यारी, सगळं तिथे आहे. इथले हत्ती सर्कशीतून, लग्नाच्या वरातींतून, रस्त्यावर भीक मागण्याच्या धंद्यातून आलेले. राजू नावाच्या हत्तीची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. सुमारे 50 वर्षं तो साखळदंडात होता, पायात काटेरी बेड्या होत्या. जुलै 2014 मध्ये त्याची सुटका झाली. आम्हाला जास्त लागली ती लक्ष्मीची गोष्ट. ती आपल्या महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर भीक मागत फिरायची. लोक पुण्य म्हणून तिला वडापाव आणि गोडधोड खाऊ घालायचे. वजन इतकं वाढलं की सांधे निकामी व्हायला आले, आणि इथे आणल्यावर चारा, फळं आणि रोजची चाल यांवर ते हळूहळू उतरवावं लागलं. वहिनी ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे खाऊ घालणारे आपल्यातलेच."

आम्ही पोहोचलो तेव्हा एक म्हातारी हत्तीण मातीच्या ढिगाला अंग टेकून उभी होती. गुडघे दुखणाऱ्या हत्तीला आडवं होणं आणि परत उठणं जड जातं, म्हणून असे ढीग करून ठेवतात. थोड्या वेळानं तिच्या पायांची देखभाल सुरू झाली. कठड्याच्या पलीकडून सांभाळणाऱ्यानं हाक मारली, तिनं आपणहून पाय पुढे करून ठोकळ्यावर ठेवला. त्यानं तळवा धुतला, नखं घासली, मधूनमधून फळाचा तुकडा दिला. अंकुश नाही, आरडाओरडा नाही. काम अर्ध्यावर आलं असताना हत्तिणीनं पाय काढून घेतला आणि ती चाऱ्याकडे निघून गेली. तो माणूस थांबला. आम्हीही थांबलो. पुतण्यानं विचारलं, "आता?" तो म्हणाला, "उसका मन होगा तो आएगी." बऱ्याच वेळानं ती आली.

मला जे सांगायचंय ते या थांबण्यात आहे. तिथला दिवस हत्तिणीच्या मर्जीनं चालला होता. आम्हाला तिला हात लावता आला नाही, तिच्या सोंडेखाली उभं राहून फोटो मिळाला नाही, आणि ती आणखी लांब गेली असती तर कदाचित दिसलीही नसती. चांगल्या ठिकाणी पाहुण्यांच्या वाट्याला कमीच येतं. जिथे नऊ वाजता आंघोळ, दहा वाजता खाऊ, अकरा वाजता फोटो अशी हमी मिळते, तिथे हत्तीला नाही म्हणायची सोय नसते हे उघड आहे.

वृंदावनात मावशीचं मन भरेपर्यंत राहिलो आणि मग जयपूर. आमेरला सकाळी पायथ्याच्या मावठा तलावापासून किल्ल्याच्या सूरजपोळ दरवाजापर्यंत हत्तींची रांग लागलेली होती. कपाळावर रंगीत नक्षी, पाठीवर लाल झूल, पाठीवरची माणसं मोबाइल उंच धरून. एक हत्ती जलेब चौकात माणसं उतरवून लगेच पुढच्या खेपेसाठी वळला. आम्ही पायऱ्यांनी चढलो, मावशीसाठी जीप केली. पुतण्यानं सवारीचं नाव काढलं नाही. किल्ला अप्रतिम आहे, आणि तो बघायला हत्ती लागत नाही.

परत आल्यावर मावसबहिणीचा फोन आला. त्यांचं चियांग माईचं ठरत होतं. थायलंडात 1989 मध्ये जंगलतोडीवर बंदी आली, ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एकदम बेकार झाले आणि पर्यटनाकडे वळले. आता तिथे पाट्यांवर सगळीकडे 'अभयारण्य', 'सुटका केंद्र' असंच लिहिलेलं असतं. पुष्कळ ठिकाणी सवारी बंद झाली, पण तिची जागा आंघोळीनं घेतली. चिखलात हत्तीबरोबर डुंबण्याचे फोटो फार गोड दिसतात, पण दिवसातून कितीतरी टोळ्यांसाठी त्याच हत्तीला पाण्यात उतरवतात, आणि त्यासाठी तो आधी धाकात आणलेला असावा लागतो. जानेवारी 2025 मध्ये कोह याओ बेटावर हत्तिणीला आंघोळ घालताना एका स्पॅनिश तरुणीचा जीव गेला. मी बहिणीला म्हटलं, तू त्यांना सरळ विचार: हत्ती आले कुठून? पिल्लं आहेत का, आणि असतील तर इथेच जन्मवली का? रात्री कुठे आणि कसे ठेवता? पूर्णवेळ डॉक्टर आहे का? आम्ही हात न लावता लांबून पाहिलं तर चालेल का? शेवटच्या प्रश्नावर पहिल्या ठिकाणानं 'आंघोळ पॅकेजमध्येच आहे' असं कळवलं. तिनं ते सोडलं आणि एलिफंट नेचर पार्कचा लांबून बघण्याचा कार्यक्रम घेतला. पिल्लांबद्दलचा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुटका केंद्रात नवी पिल्लं जन्माला घालायचं कारणच काय? गर्दी खेचण्यासाठी पिल्लू लागतं, आणि ते पिल्लू पुढची साठ वर्षं माणसाच्या ताब्यात राहतं.

आता आपल्या नाशिकचा सिंहस्थ आलाय. साधूंच्या लवाजम्यात, पंचवटीच्या गल्ल्यांत, गोदेच्या घाटावर हत्ती दिसला की लेकराच्या हातात नाणं देऊन ते सोंडेत ठेवायला लावणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. हात जोडा, पण नाणं देऊ नका, केळ्यांचा घडही देऊ नका. त्या नाण्यावरच त्याचं रस्त्यावरचं चालणं अवलंबून असतं. पाय लंगडत असेल, डोळ्यांतून पाणी वाहत असेल, साखळीखाली जखम असेल तर फोटो काढून वनखात्याला कळवा. हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि मालकाकडे मालकीचं प्रमाणपत्र असावंच लागतं.

मथुरेला जाणार असाल तर केंद्राची नोंदणी आधी करा. थेट दारात गेलात तर आत घेतील असं धरून चालू नका. उत्तरेतल्या उन्हाळ्यात जाऊ नका, दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस बरे. आग्र्याला मुक्काम असेल तर कीठमचं अस्वलांचं केंद्रही वाटेवरच आहे. दरवेशाच्या दोरीवर नाचलेली अस्वलं तिथे सांभाळली आहेत. आमच्या मावशीला लहानपणी दारात आलेला दरवेशी आठवत होता, तिला तिथून निघवेना. दोन्ही ठिकाणं एका दिवसात उरकू नका.