४८ मात्रांचा हिशेब
ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी गिटार शिकवतो. ज्या गावाच्या नावाने ख्यालगायकीचे घराणे ओळखले जाते, तिथे गिटार शिकवणाऱ्याला ‘आणि गाणं कधी शिकवणार?’ असे अजूनही विचारले जाते. मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त काका ब्लूजचा छोटासा सोलो शिकायला येत असत. तरुणपणी त्यांनी तबला वाजवला होता; आता बोटे ताठरली होती आणि करंगळी तर नावालाच उरली होती.

अशा हाताला लांबलचक ताना देण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी ए मायनर पेंटाटोनिकमधले तीन छोटे लिक, म्हणजे स्वरांचे छोटे तुकडे, बसवून दिले. ‘ए’ला षड्ज मानले तर हे पाच स्वर आपल्या धानी रागाचेच. पहिल्या लिकमध्ये तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा मध्यम ओढून पंचमापर्यंत न्यायचा, मग पाचव्या फ्रेटवरचा कोमल गंधार घेऊन चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर षड्जाला टेकायचे. सुटे लिक काका छान वाजवत, पण जोडताना प्रत्येक लिक पहिल्याच मात्रेवर सुरू करत आणि मधली जागा घाईने भरून टाकत. ‘दोन बार, म्हणजे आठ मात्रा, वाजवा, दोन बार थांबा,’ असे सांगितले की त्या शांततेतच ते वाट चुकत.

त्या रविवारी त्यांनी बोटांची पेरे मोजली आणि म्हणाले, “सर, ब्लूजच्या एका फेरीत चार-चार मात्रांचे बारा बार म्हणजे ४८. ही तर सोळा मात्रांच्या तीनतालाची तीन आवर्तनं झाली की!” इतकी वर्षे ती फेरी वाजवूनही मला हे सुचले नव्हते. जुन्या ब्लूज गीतांची घडणही बहुधा अशीच असते: एक ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरीत उत्तर. म्हणून पहिल्या दोन आवर्तनांत एकच लिक आणि तिसऱ्यात दुसरा, असे आम्ही ठरवले आणि मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत साथ लावली. एक फेरी ४० सेकंदांची.

दोन आवर्तने सुरेख झाली. तिसऱ्यात काका लिक विसरले. मी साथ थांबवायला हात पुढे केला, तोच त्यांनी ‘म ग सा’ हे तीन स्वर एकेका मात्रेला एक, असे सलग तीनदा वाजवले. पहिला षड्ज साथीतल्या ई सेव्हन कॉर्डवर चांगलाच खटकला, दुसरा डी सेव्हनवर निवळला, आणि नवव्या मात्रेवरचा तिसरा अकराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर, ए सेव्हन हा मूळ कॉर्ड परत आला त्याच क्षणी, नेमका पडला. मी बसवून दिलेल्या उत्तरापेक्षा हे कितीतरी सरस होते.

“काका, हे कुठून आणलंत?”

“तबल्याची सवय, सर. हरवलं की तिहाई घ्यायची, एकच तुकडा तीनदा.”

साथीचे दोन बार अजून शिल्लक होते, पण तिहाई पुरी झाल्यामुळे काकांनी गिटार केव्हाच मांडीवर आडवी ठेवली होती.