मोजायला कोणीतरी हवं

“मॅडम, रोज एवढं बघून तुम्ही आनंदी कशा राहता?” हा प्रश्न मला पेशंट सहसा विचारत नाहीत. त्यांचे नातेवाईक विचारतात, तेही निघता निघता, दारापाशी, आवाज खाली आणून. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, हे मला आता कळतं. आमच्या घरात पुन्हा आनंद येईल का, आणि आला तर टिकेल का? दारात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही. मी काहीतरी धीराचं बोलते, ते मान हलवतात आणि जातात. तुम्ही इतक्या वेळा विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहिते आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांबरोबर काम करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. अशा माणसांचा आणि सुखाचा विषय निघाला की एका अभ्यासाची गोष्ट हटकून सांगितली जाते. १९७८ मध्ये अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ आणि अपघातात शरीर लुळं पडलेल्या २९ जणांना त्यांच्या सुखाबद्दल विचारलं. पुढे गोष्ट अशी सांगतात की काही काळानं दोघंही सारखेच सुखी झाले! मला ही गोष्ट ऐकली की त्रास होतो, कारण त्या अभ्यासात असं निघालंच नव्हतं. अपघातातली माणसं इतरांपेक्षा कमी सुखी होती. लोकांना वाटेल तितकी दुःखी मात्र नव्हती, एवढंच. व्हीलचेअरवरच्या माणसाला ‘होईल सवय’ असं सांगणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

त्याच अभ्यासातली दुसरी एक गोष्ट मात्र माझ्या मनातून कधी गेली नाही. लॉटरी लागलेली माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा फारशी सुखी नव्हती, आणि रोजच्या साध्या गोष्टींत, म्हणजे मित्राशी गप्पा मारण्यात, विनोद ऐकण्यात, कोणी कौतुक केलं त्यात, त्यांना इतरांहून कमी मजा येत होती. पैशानं काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांवरच्या २०२० सालच्या एका मोठ्या अभ्यासात, मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वर्षानुवर्षं वाढलेलं दिसलं. उपचाराच्या खर्चाची चिंता असलेलं घर आणि नसलेलं घर, दोन्ही मी जवळून पाहिली आहेत. पैसा लागतो. पण रोजची चव जाते कुठे, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

मला त्याचं उत्तर माझ्याच विषयात सापडलं. आपल्या त्वचेत स्पर्श टिपणारे काही संवेदक असे असतात की दाब सुरू झाला की ते कळवतात, सुटला की कळवतात आणि मधल्या वेळात गप्प बसतात. मनगटावरचं घड्याळ सकाळी बांधताना जाणवतं, दुपारी जाणवत नाही. दुखण्याचं तसं नसतं. वेदना टिपणारे संवेदक इतक्या सहजी गप्प होत नाहीत, आणि ते बरंच आहे, नाहीतर आपण भाजलेला हात तसाच ठेवला असता. मनाचंही बरंचसं असंच असावं असं मला वाटतं. आहे तसं राहणारं सुख जाणवायचं थांबतं आणि टोचणारं टोचतच राहतं. हा तुमचा दोष नाही. घर झालं, नोकरी लागली, परीक्षा पास झालो आणि सहा महिन्यांत ‘मग पुढे काय’ असं वाटायला लागलं, म्हणून कोणी कृतघ्न ठरत नाही.

नव्या घरात राहायला गेले तेव्हा खोलीच्या खिडकीतून एक मोठं झाड दिसायचं. पहिल्या आठवड्यात मी कामावरून आले की आधी खिडकीशी जायचे. वर्षभरानं एका पाहुणीनं विचारलं, “हे झाड कसलं?” तेव्हा मला कळलं, मी कितीतरी दिवसांत तिकडे पाहिलंच नव्हतं. झाड तिथेच होतं. बदललं नव्हतं म्हणूनच ते दिसेनासं झालं होतं.

मग न विझणारं काय असतं? यावर मला जे सांगायचं आहे ते एका गृहस्थांमुळे कळलं. गाड्या दुरुस्त करायचे. छातीखालची ताकद गेलेली. अशा माणसाला आधी बसायला शिकावं लागतं. पोटाचे, पाठीचे स्नायू साथ देत नाहीत, त्यामुळे मॅटच्या काठावर बसवलं की धड कुठल्याही बाजूला कलंडतं. आधी दोन्ही हात टेकून बसायचं, मग एक उचलायचा, मग दोन्ही. पहिल्या दिवशी हात सोडून ते तीन सेकंदही बसले नाहीत. मी समोर स्टुलावर, माझे हात त्यांच्या खांद्यांपासून वीतभर लांब, आणि बायको शेजारी उभी राहून मोठ्यानं मोजत होती. त्यांच्या मानेवर घाम, डोळे भिंतीवरच्या एका ठिपक्यावर. नवव्या दिवशी ती ‘दहा’ म्हणाली आणि पुढचा आकडा तिला म्हणता येईना. ते कलंडले, मी धरलं, आणि ते लगेच म्हणाले, “परत.”

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते काठावर बसून माझ्याशी बोलत होते. पाच मिनिटं तरी झाली असतील. कोणीच मोजत नव्हतं. दहा सेकंदांचा तो आनंद कधी ओसरला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्या दिवशी त्यांच्या हातात शर्ट होता आणि तोल सांभाळत बाही चढवायची खटपट चालली होती. बायको म्हणत होती, “डावी आधी, डावी.” तिचा आवाज अगदी तोच होता, मोजतानाचा.

तेव्हापासून मी असं मानते की मिळालेल्या गोष्टीची सवय होते, करायच्या गोष्टीची तशी होत नाही. जे रोज नव्यानं करावं लागतं, ज्यात आज कालच्यापेक्षा केसभर वेगळं असतं आणि ज्यात दुसरं माणूस गुंतलेलं असतं, तिथे मनाला गप्प बसायला सवडच मिळत नाही. मूल वाढवणं, गळा तयार करणं, म्हाताऱ्या आईशी रोज बोलणं. टिकाऊ सुख मला तरी अशाच गोष्टींत दिसलं, ज्या स्वतः एका दिवसाहून जास्त टिकत नाहीत.

माझ्या स्वतःच्या आयुष्यात दोन वर्षं अशी होती की हे सगळं माहीत असूनही काही उपयोग नव्हता. घरी आजारपण होतं. हात पेशंटच्या पायावर आणि मन घरी, घरी गेले की मन कामावर. पुढे वाचलं की हे फार जणांचं होतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २,२५० जणांना दिवसातून अधूनमधून फोनवरून विचारलं होतं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? जवळपास ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं, आणि भरकटलेलं असताना माणसं कमी सुखी होती. त्या काळात मला आधार झाला तो हात धुण्याचा. दोन पेशंटच्या मध्ये हात धुवावेच लागतात, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. तेवढा वेळ मी फक्त पाण्याकडे लक्ष द्यायला लागले. गार आहे की कोमट, बोटांच्या बेचक्यांत कसं शिरतं. अर्धं मिनिट. आजही करते. त्यानं दुःख गेलं नाही, पण पुढच्या माणसाकडे मी पूर्ण जायला लागले.

एक मात्र कळकळीनं सांगते. नुकत्या कोसळलेल्या घराला ‘जे आहे त्यात आनंद माना’ असं म्हणू नका, ते फार निष्ठुर आहे. आणि महिनोन्‌महिने कशातच चव लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर पाणी आणि झाडं पुरत नाहीत. तिथे डॉक्टरच लागतात.

परवा पुन्हा एकानं दारापाशी तोच प्रश्न विचारला. त्यांच्या भावाला येऊन पाच दिवस झाले होते. मी म्हटलं, “उद्या त्यांना पहिल्यांदा काठावर बसवणार आहे. नऊला या. मोजायला कोणीतरी हवं.”