फ्रीव्हील नसलेली सायकल

दुपारी तीनला मिरजेहून सूनबाईंचा फोन आला. "मॅडम, आईंच्या पायाला लागलंय. सायकलवर बसल्या होत्या."

मी सांगली-मिरज भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. या काकूंचा उजवा गुडघा बदलून सहा आठवडे झाले होते. शनिवारी मोजला तेव्हा 95 अंश वाकत होता. त्यांच्या मुलाला मेसेज मीच केला होता, 'घरी व्यायामाची सायकल घ्या, आता हरकत नाही.' कोणती घ्यायची, ते लिहिलं नव्हतं.

हॉलमध्ये स्पिन बाइक उभी होती. मुलानं पुण्याहून मागवलेली, आईसाठी म्हणून चांगली महागातली. काकू दिवाणावर पाय लांब करून बसल्या होत्या. नडगीवर पेडलचे दाते उमटलेले, गुडघा सुजून गरम.

काकू प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. वर्षानुवर्षं सायकलनंच शाळेत गेल्या. "वेग आला म्हणून पाय थांबवले," त्या म्हणाल्या, "तर पेडल थांबेचना. पायच ओढून न्यायला लागलं." रस्त्यावरच्या सायकलला फ्रीव्हील असतं, पाय थांबले तरी चाक आपलं फिरत राहतं. स्पिन बाइकचं जड चाक बहुतेक वेळा पेडलला बांधलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. थांबायचं तर दांडीवरची लाल मूठ खाली दाबायची. सायकल जोडणाऱ्या माणसानं नट आवळले, सही घेतली आणि गेला. मूठ कोणी दाखवलीच नाही. आयुष्यभराची सवय काकूंच्या पायात होती, तिनंच घात केला.

पेडलचा पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण 110 अंश वाकावा लागतो. 95 वर असलेल्या माणसाला आम्ही फेरा मारू देत नाही. अर्धवट पुढे, अर्धवट मागे असं नुसतं झुलवायला सांगतो. जिथं ताण लागतो तिथं क्षणभर थांबायचं आणि परत फिरायचं. सगळी किमया त्या थांबण्यात आहे. या चाकानं काकूंचं थांबणंच काढून घेतलं.

शिवाय काकूंची उंची चार फूट दहा इंच. सीट सगळ्यात खालच्या भोकात होती, तरी पेडल खाली गेलं की त्यांची टाच सुटायची आणि कंबर डुलायची. सीट आणखी खाली घ्यायची सोय असती, तर पेडल वर येताना गुडघा जास्तच वाकला असता. आखूड पायाला लांब क्रँक, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा, दिली की अशी दोन्हीकडून कोंडी होते. जाहिरातीत चाकाचं वजन ठळक छापतात. क्रँकची लांबी आणि सीटची कमीत कमी उंची मात्र शोधून सापडत नाही, या गोष्टीचा मला मनापासून राग आहे. आपल्याकडच्या बायकांची उंची लक्षात घेऊन ही यंत्रं कोणी आणतच नाही.

सर्जनना त्याच दिवशी दाखवलं. एक्स-रे ठीक निघाला, पण गुडघा 80 वर आला होता. पुन्हा 95 गाठायला तीन आठवडे गेले.

मग काकूंना घेऊनच दुकानात गेलो. विक्रेता सूनबाईंना कॅलरीचा डिस्प्ले समजावत राहिला. जिला बसायचं होतं तिच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. पाठीला टेकण असलेली, मधून पाय टाकून बसता येणारी, चुंबकानं पेडल जड-हलकं करणारी सायकल मी प्लॅस्टिकमधून काढायला लावली. काकू साडी न आवरता बसल्या. पाय लांब झाला तेव्हा गुडघ्यात 25-30 अंशांचा बाक राहत होता, तो मी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून पाहिला. ताण शून्यावर ठेवून काकूंना पाय थांबवायला सांगितले. पेडल तिथल्या तिथं थांबलं. त्यांनी ते पाच-सहा वेळा करून पाहिलं, दर वेळी खाली वाकून पेडलकडे बघत.

मुलानं मला कधी दोष दिला नाही. "चूक माझी, मी विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाला. पण मेसेज माझा होता, आणि तो मी दोन रुग्णांच्या मध्ये, स्कूटरवर बसून टाइप केला होता.

घरी ही सायकल आल्यावर दहाव्या दिवशी झुलता झुलता काकूंचा फेरा पूर्ण झाला. उलटा. पहिला फेरा बहुधा उलटाच होतो, मागे फिरवताना गुडघ्याला सोपं जातं. त्यांनी पाय लगेच थांबवले.

"उलटं मारलेलं चालतं का हो?"

"चालतं, काकू. अजून एक मारा."