एक्सएसएलटी + जावा: जानेवारीत सगळीकडे १, फेब्रुवारीत सगळीकडे २

मंडळी, बदलत्या तेजाच्या ताऱ्यांच्या माझ्या नोंदींचे तक्ते मी एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा; तिच्या फाइलला स्टाईलशीट म्हणतात) बनवतो, आणि जे तिला जमत नाही ते जावाकडून करून घेतो. मागच्या अपडेटमध्ये एचजेडीचं (प्रकाश सूर्यापाशी कधी पोहोचला असता, त्या हिशेबाने काढलेला ज्युलियन दिनांक) फंक्शन चालू झाल्याचं कळवलं होतं. त्यानंतरच्या चार रात्री एकाच गोष्टीत गेल्या. काल ती सुटली, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

एचजेडी मस्त चाललंय. स्टाईलशीट निरीक्षणाची वेळ आणि ताऱ्याचे सहनिर्देशक देतं, जावा हेलिओसेंट्रिक करेक्शन करून वेळ परत देतं. फरक फार तर साडेआठ मिनिटांचा, पण अल्गोलसारख्या ताऱ्याच्या किमान तेजाची वेळ काढताना तेवढ्यानेही आलेख बिघडतो. साध्या जेडीसाठी (ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांची सलग मोजणी) मात्र जावाची गरज नाही. एक्सएसएलटी २.० पासून दोन डेटटाइमची वजाबाकी करता येते. १ जानेवारी २०००, दुपारी १२ (यूटी) वजा करा, एका दिवसाच्या ड्युरेशनने भागा, २४५१५४५ मिळवा. झालं.

आता मुख्य दुखणं. बदलत्या तेजाच्या ताऱ्यांच्या माझ्या नोंदी वर्षागणिक वेगळ्या फाइलमध्ये आहेत आणि क्रमांक मात्र सलग हवे होते, गेल्या वर्षी थांबले तिथून पुढे. म्हणून जावामध्ये एक काउंटर ठेवला. ‘पुढचा क्रमांक’ नावाचं, एकही आर्ग्युमेंट नसलेलं फंक्शन. हाक मारली की एक वाढवायचा आणि परत द्यायचा. सॅक्सन एचईमध्ये (एक्सएसएलटी चालवणाऱ्या सॅक्सनची मोफत आवृत्ती) ते नोंदवायला एस९एपीआय या त्याच्या जावा इंटरफेसमधला छोटा प्रकार वापरला: नाव, आर्ग्युमेंटचे टाइप, रिझल्टचा टाइप आणि कॉल, एवढंच. (थेट जावा क्लासचं नाव नेमस्पेसमध्ये लिहून हाक मारायची सोय एचईमध्ये नाही. मला हा नोंदणीचा रस्ताच जास्त आवडतो. टाइप आधीच ठरलेले असल्याने चूक लगेच पकडली जाते.)

रन केलं. जानेवारीच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला १. फेब्रुवारीत प्रत्येक ओळीला २. मार्चमध्ये ३. मी पक्कं धरून बसलो की चुकून महिन्याचा आकडा छापतोय, आणि दोन रात्री टेम्प्लेट उलटेपालटे करून पाहिले. मग ऑगस्टवर नजर गेली. तिथे सगळीकडे ७ होता. जुलैत आभाळ भरलेलं असल्याने एकही नोंद नव्हती, फाइलमध्ये तो महिनाच नाही. म्हणजे हा महिन्याचा आकडा नव्हताच! काउंटर महिन्यामागे फक्त एकदा वाढत होता.

जावाच्या कॉलमध्ये एक प्रिंट टाकली. २१४ नोंदी, हाका मोजून ११.

सॅक्सनच्या एक्सप्लेन पर्यायाने एक्स्प्रेशन ट्री (स्टाईलशीट प्रत्यक्षात कशी चालणार त्याचा आराखडा) काढल्यावर उलगडा झाला. माझी हाक फॉर-ईचच्या आत होती, पण ट्रीमध्ये ती उचलून लूपच्या बाहेर एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेली. ऑप्टिमायझरचं (वेग वाढवायला कोडची मांडणी बदलणारा सॅक्सनचा भाग) अगदी बरोबर आहे. फंक्शनला आर्ग्युमेंट नाही, ते कॉन्टेक्स्ट नोडवर, म्हणजे त्या क्षणी हातात असलेल्या नोंदीवर, अवलंबून नाही, मग दर फेरीला उत्तर वेगळं का येईल? एकदाच विचारून घेतलं की काम भागतं. खात्रीसाठी ऑप्टिमायझेशन शून्यावर नेलं आणि १ ते २१४ सरळ रांगेत उभे राहिले. ती रांग बघून जे बरं वाटलं, ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

ऑप्टिमायझेशन कायमचं बंद ठेवणं काही पटेना. मग छोटा इंटरफेस सोडून एक्स्टेन्शनफंक्शनडेफिनिशन या सॅक्सनच्या मोठ्या क्लासवर गेलो. त्यात हॅजसाइडइफेक्ट्स नावाची मेथड आहे, तिच्यातून ट्रू परत दिलं. क्रमांक बरोबर आले. पण त्याच मेथडच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय की ऑप्टिमायझर फक्त जरा जपून वागेल, हाका ठरल्याप्रमाणे होतीलच याची हमी नाही. आज बरोबर आलेले क्रमांक नव्या आवृत्तीत हलले, तर जुन्या नोंदींचे सगळे संदर्भ तुटतील. माझ्या दृष्टीने हा रस्ता तिथेच संपला. आणि आता ठाम मत झालंय: बाहेरून जोडलेल्या कोडने त्याच इनपुटला तेच उत्तर द्यावं. मोजदाद स्टाईलशीटकडेच हवी.

एक्सएसएलटी ३.० मध्ये त्यासाठी नोंदी वाचता वाचता मोजत जाणारा अ‍ॅक्युम्युलेटर आहे. आरंभीचा क्रमांक पॅरामीटरमधून द्यायचा, प्रत्येक निरीक्षणाला एक मिळवायचा. पहिल्याच रनला एक्सटीडीई ३३६२ हा एरर आला, कारण मोडवर यूज-अ‍ॅक्युम्युलेटर्स लिहायचं राहिलं होतं. ते लिहिलं आणि दहा मिनिटांत काम झालं, जावाची एक ओळही न लागता.

इथपर्यंत लिहिलं आणि वाटलं, क्रमांक हवाच कशाला? प्रत्येक नोंदीला जेडी आहेच. चार दशांश स्थळं म्हणजे ८.६४ सेकंद, आणि मी वेळ मिनिटापर्यंतच टिपतो. ताऱ्याचं नाव आणि जेडी जोडलं की आयडी तयार. वर्ष बदललं तरी मागचा आकडा लक्षात ठेवायला नको, एखादी जुनी नोंद मध्येच घुसवली तरी बाकीच्या जागच्या जागी. नाव आधीच ठेवायचं, कारण एक्सएमएलचा आयडी अंकाने सुरू होत नाही. एचजेडी मात्र इथे नको. ताऱ्याचे सहनिर्देशक पुढे सुधारले तर तो बदलेल आणि आयडीही बदलेल. आयडीला साधा जेडी, आलेखाला एचजेडी.

तेव्हा काउंटरचा क्लास काढून टाकला, अ‍ॅक्युम्युलेटरही काढतोय. आज रात्री २१४ नोंदींना नवे आयडी लावतो. दोन नोंदींचा आयडी एकच निघाला तर एक्सएसएल:मेसेज टर्मिनेटने तिथेच थांबायचं, अशी तपासणी आधीच घातली आहे.