कवड्या

आज देव्हारा आवरताना भवानीच्या माळेचा दोरा तुटला आणि कवड्या पलंगाखाली पळाल्या. गुडघ्यावर बसून एकेक शोधताना वाचलेलं आठवलं. मालदीवच्या अशाच कवड्या जहाजाच्या तळाशी भार म्हणून लंडन, ॲमस्टरडॅमला जायच्या. तिथून पश्चिम आफ्रिकेत. तिकडे ते चलन. कवड्या, आपल्याकडचं सुती कापड, बंदुका देऊन माणसं घ्यायची नि कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यात जुंपायची. युरोपला चहात साखर हवी होती ना!

या माणसांचा विमासुद्धा असायचा. १७८१ साली 'झाँग' या गुलाम नेणाऱ्या जहाजावरून १२० हून जास्त जिवंत माणसं समुद्रात फेकली. मालकांनी दरडोई ३० पौंड भरपाई मागितली. कोर्टात खुनाचा नाही, विम्याचा दावा चालला.

सतरा सापडल्या. चार कपाटामागे असतील.