तुम्ही विचारलंत म्हणून: कपाच्या बुडाशी

"फुटले तर?" आमच्याकडे चहा घेतलेल्या प्रत्येकानं हा प्रश्न एकदा तरी विचारलाय. शेजारच्या वहिनींनी विचारला, गॅस दुरुस्त करायला आलेल्या मुलानं विचारला, पुण्याहून येणारा माझा मुलगा तर दर खेपेला विचारतो. आजोबांच्या वेळच्या कपबश्या कपाटात ठेवायच्या सोडून रोज सकाळ-संध्याकाळ वापरता कशा? उभ्या उभ्या उत्तर दिलं की "हौस हो, दुसरं काय" एवढ्यावरच ते संपतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगते.

आमचा वाडा सोलापुरात, उत्तर कसब्यात. आजोबा जुन्या गिरणीत कारकून होते. 1877 सालची गिरणी ती, तिच्या भोंग्यावर निम्मं सोलापूर उठायचं म्हणे. तिथल्या गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना आजोबांचा चोख हिशेब आठवून आपल्या घरच्या बारा विलायती कपबश्या त्यांना भेट दिल्या, अशी आमच्या घरची कथा. पांढऱ्या अंगावर नखाएवढी गुलाबी फुलं, पोपटी पानं, वर सोनेरी कड. त्या काचेच्या कपाटात असायच्या आणि सोयरीक घेऊन कुणी आलं तरच बाहेर निघायच्या. आजी स्वतः पितळी पेल्यातून चहा प्यायची. त्या कपातून ती कधी प्यायली असेल, असं मला वाटत नाही.

बारातल्या एकाचा कान फार पूर्वीच तुटला होता. उरले अकरा. वाटणीत थोरल्या काकांना पाच, माझ्या वडिलांना चार, आत्याला दोन. बशांचा हिशेब कुणी केला नाही, त्यामुळे एकाकडे कप आणि दुसऱ्याकडे त्याची बशी, असं चाळीसेक वर्षं चाललं.

वडिलांनी आपले चार लगेच वापरायला काढले. आई कुरकुरायची. ते डावखुरे होते. आता ते नाहीत, पण त्यांचा कप बाकीच्यांतून मी डोळे मिटून काढीन. सोनेरी कड ओठ टेकतात तिथे झिजते. आम्ही सगळे कान उजव्या हातात धरणारे, म्हणून बाकीच्या कपांची कड एका अंगाला पुसलेली आहे, आणि या एकाची नेमकी समोरच्या अंगाला. बोट फिरवलं तरी कळतं.

मी नोकरीतून मोकळी झाल्यावर बाकीचे कप गोळा करायला लागले. बाजारातून जुनी चिनी माती विकत घेणारे हौशी लोक असतात, मी त्यातली नव्हे. मला आमचेच हवे होते. काकूंकडे गेले तर त्यांनी माळ्यावरून खोका काढायला लावला. वर्तमानपत्रात गुंडाळून, एकात एक घालून ठेवलेले पाच कप. ते एकमेकांत असे रुतले होते की सोडवताना एकाचा कान निघाला आणि दुसऱ्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला. काकू म्हणाल्या, "एवढं जपलं गं!" आमच्याकडे इतक्या वर्षांच्या वापरात एकच फुटला होता. तेव्हा फुटण्याचा हिशेब मला कुणी शिकवू नये.

घरी आणल्यावर प्रत्येकाला टिचकी मारून पाहिली, मडकं घेताना मारतो तशी. खणखणीत वाजला तर कप धड, भद्द आवाज आला तर आत कुठेतरी बारीक चीर. मग धुवायला पालथे घातले, आणि बुडाशी शिक्का दिसला. वरच्या फुलांवर जन्म गेला, बूड कधी पाहिलंच नव्हतं. चष्मा लावून वाचलं: मेड इन ऑक्युपाइड जपान.

1945 ते 1952 जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता. त्या दिवसांत परदेशी पाठवायच्या मालावर काही वर्षं हा शिक्का मारत. म्हणजे विलायत नाही आणि साहेबाच्या घरातली वस्तूही नाही. आजोबांनी या कपबश्या कुठल्या तरी दुकानातून स्वतःच्या पगारातून घेतल्या असणार आणि आजीच्या बोलण्याला भिऊन साहेबाच्या नावावर खपवल्या असणार. सोलापूरचा चीनशी संबंध म्हटला की डॉक्टर कोटणीस आठवतात. आमच्या घरात चिनी माती आली ती जपानहून!

आजीची भीती उगीच नव्हती. धातूचं भांडं राखेनं घासून शुद्ध होतं, चिनी मातीचं होत नाही, असं मानणारा तो काळ. पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये 1890 साली चहा प्यायला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं होतं. आमच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात ही कपबशी पुढे साठ वर्षांनीही आली नाही, ती बाहेरच्या कपाटातच राहिली. बोन चायनात हाडांची राख असते, हे आजीला कळलं असतं तर कपाटही बाहेर गेलं असतं. आमचे कप त्यातले नाहीत, साधं पोर्सेलिन आहे.

आणि तो कान तुटलेला बारावा कप. वाडा रिकामा करताना तो खिळे-मोळे भरलेला सापडला. तो मागच्या दाराच्या देवळीत असायचा, झाडलोटीला येणाऱ्या बाईंसाठी. वरून ओतलेला चहा त्या पायरीवर बसून प्यायच्या, स्वतः विसळून देवळीत पालथा ठेवायच्या. घरातलं कुणी त्याला हात लावत नसे. म्हणजे ज्या एका कपाचं बूड रोज वर असायचं, तो आमच्या घरात कुणी पाहत नव्हतं. शिक्का दिसत होता तो त्या बाईंना, आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. तो कप मी वापरत नाही, फेकलाही नाही. बाकीच्यांच्या शेजारी ठेवलाय. कुणी विचारलं तर कशासाठी होता ते सांगते.

वापराचं म्हणाल तर फार काही करत नाही. गार कपात एकदम उकळता चहा ओतत नाही, आधी कोमट पाण्यानं विसळते. तारेच्या घासणीनं सोनेरी कड जाते, म्हणून हातानं आणि मऊ फडक्यानं. चहाचा पिवळा डाग खायच्या सोड्यानं निघतो. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून लिंबाचा चहा यात देत नाही, आणि आतली नक्षी झिजलेला एक कप बटणांसाठी ठेवलाय. बशा मात्र खोलगट, जुन्या पद्धतीच्या. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीतही आमच्याकडे चहा चुकत नाही. बशीत ओतायचा, जरा निवला की फुर्रकन ओढायचा. नव्या सपाट बशीत ते सुख नाही, तिच्यातून तो साडीवरच सांडतो.

शेवटचे दोन आत्याकडून आले. ती गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेला आली होती, पिशवीत टॉवेलात गुंडाळून घेऊन. "घे की गं, माझ्या सुना स्टीलच्या मगातून पितात." कड पूर्ण सोनेरी, एकदाही ओठ न लागलेली. मी त्यातच चहा दिला. मग बिचकत शिक्क्याचं सांगितलं. आत्या चौऱ्याऐंशीची, साहेबाची गोष्ट तिची सगळ्यांत लाडकी. तिनं शेवटचा घोट घेतला आणि कप सरळ उलटा केला. उरलेला गाळ इरकलीच्या पदरावर. तिकडे तिचं लक्ष नव्हतं. डोळ्यांजवळ नेऊन एकेक अक्षर लावत तिनं वाचलं.

"हे नंतर कुणीतरी छापलंय," ती म्हणाली, आणि कप माझ्यापुढे केला. "अजून अर्धा दे."