आईची सुरी, नवी मूठ आणि न मिळालेले रिबिट

सुरीचं पातं चांगलं होतं, हे आधीच सांगते. कारण तीन आठवडे मी ज्याला त्याला तेवढंच पटवत होते. आईची ही सुरी साध्या पोलादाची आहे. लिंबू कापून तशीच ठेवली तर काळी पडते, पण दगडावर चार हात फिरवले की धार लागते आणि लागलेली टिकते. मूठ तेवढी पाण्यानं कुजून फाटली होती.

जुनी मूठ काढली, पातं दोनेक तास व्हिनेगरमध्ये ठेवलं, सोड्याच्या पाण्यानं धुतलं, पॉलिश पेपरनं घासलं. एका रविवारात झालं. लाकडासाठी इथं नागपुरात लकडगंजातल्या आरामशिनीवर तुकडे मिळतात, पण ते पुरतं वाळलेलं आहे का, याची खात्री करूनच घ्या. ओल्या लाकडाची मूठ आपल्या मे महिन्यात आकसते आणि मुठीच्या दोन फळ्यांमधून जाणारी पात्याची पट्टी कडेनं हाताला टोचू लागते. मी घरातल्या जुन्या शिसमी पलंगाचा मोडका पाय वापरला.

अडलं ते रिबिटांवर, म्हणजे फळ्या पट्टीला जखडणाऱ्या आरपार खिळ्यांवर. पट्टीला तीन भोकं होती, ४ मिलिमीटरपेक्षा जराशी मोठी. मला हवी होती तेवढ्या जाडीची सहा इंच भरीव पितळी सळई. इतवारीत लोहा ओळीपासून सुरुवात केली. पहिल्या दुकानात पॉप रिबिट पुढ्यात टाकले. ते आतून पोकळ असतात, पाणी आत जाऊन पुन्हा तेच कुजणं. दुसरीकडे ॲल्युमिनियमचे, कढईच्या कानांना लावतात तसले, आणि लांबीला तोकडे. तिसऱ्यानं सळई दाखवली, पण कापून द्यायला तयार नाही. "सहा इंच कोन देते जी? अख्खी घ्या. नाही तर मिस्त्रीले पाठवा, त्याले समजते." मला समजत होतं म्हणूनच मी भोकाचं माप कागदावर लिहून नेलं होतं! चौथ्यानं तीनदा "उद्या या" म्हटलं. तिन्ही वेळा मी गेले, भर उन्हात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. शेवटी म्हणाला, "ताई, नवीन सुरी घेऊन टाका ना." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. आईनं चाळीस वर्षं जी सुरी हातात धरली, ती नवीन कुठून घेऊ?

वैतागून मी खिळे कापून ठोकले. ही चूक करू नका. भोकं घट्ट, खिळा कडक, माझा हातही जड. दुसऱ्याच घावाला शिसमाला बारीक चीर गेली, पार टोकापर्यंत. फळ्यांची ती जोडी फेकावी लागली.

सुटका झाली ती आमच्या घराजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात. बल्ब घ्यायला गेले होते. मागे अर्थिंगच्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं टांगलेलं दिसलं. ८ गेजची तार म्हणजे जवळपास ४ मिलिमीटर, भरीव आणि मऊ. दुकानदारानं काही न विचारता अर्धा मीटर कापून दिली. इतका हलका जीव मला महिन्याभरात झाला नव्हता.

तार गॅसवर लाल करून पाण्यात बुडवली की आणखी मऊ पडते. दोन्ही बाजूंना २ मिलिमीटर बाहेर ठेवून कापायची. लाकडातलं भोक तारेपेक्षा किंचित सैल हवं आणि त्याचं तोंड मोठ्या ड्रिलनं जरा पसरट करून घ्यायचं. मग सुरी लोखंडी ठोकळ्यावर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीनं टोकाच्या कडेकडेनं हलके, अगदी हलके ठोके. तांबं हळूहळू छत्रीसारखं पसरतं आणि त्या पसरट तोंडात बसतं. मग कानशीनं सपाट करायचं. बोट फिरवलं तर लाकूड कुठं संपलं ते कळत नाही.

त्याआधी लाकूड अॅराल्डाइटनं चिकटवायचं आणि रात्रभर सी क्लॅम्पमध्ये ठेवायचं. क्लॅम्प फार आवळू नका, सगळा गोंद बाहेर येतो. सागवान वापरत असाल तर चिकटवण्याआधी थिनरनं पुसा, त्याच्या अंगचं तेल गोंद धरू देत नाही. आणि मुठीचं पात्याकडचं टोक आधीच घासून गुळगुळीत करा. नंतर तिथं हात पोचत नाही, पात्यावर ओरखडे येतात. हे सगळं करताना धारेवर जाड कागद गुंडाळून चिकटपट्टी लावा.

वरून जवसाचं तेल, पातळ हात, पुसून वाळवायचं, असं चारदा. तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. उलगडून बाहेर वाळत घाला.

आईनं सुरी हातात घेतली, अंगठा तिन्ही तांबड्या ठिपक्यांवरून फिरवला आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी मागितली. त्या दिवशी वड्या झाल्या.

एक राहिलंच. ग्राइंडरवाल्याकडे धार लावायला दिलीत तर समोर उभे राहा. पातं निळं पडलं की तिथला कडकपणा गेला, मग कितीही घासा, धार टिकत नाही.